एक जूनचं ताट

माझ्या आईचा वाढदिवस एक जूनला असतो. दोस्तहो, तुमच्यातल्या निम्म्यांच्या आयांचाही एक जूनलाच असेल. बापांचाही. पत्रिका भटाकडं, घड्याळ खोताकडं. आमच्याकडं जन्माची नोंद ठेवायला होतं काय? शाळा जूनमध्ये उघडायची. मास्तर पोरीला उभी करायचा, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघायचा, आणि लिहून टाकायचा, १ जून. असा अर्धा महाराष्ट्र मास्तरांनी एकाच दिवशी जन्माला घातला. कुणब्यांची पोरंही त्यात आहेत, खोटं कशाला बोलू. आजी सांगायची, आई झाली ती आवणीत. चिखलातनं पाय काढून आजी घरी आली आणि झाली. म्हणजे जुलै धरा. पण आधार कार्डावर एक जून आहे, आणि त्या कार्डाप्रमाणं यंदा तिला साठ पूर्ण झाली.

साठ वर्षांत पहिला वाढदिवस. तो साजरा करायचा म्हणून ताईनं आणि भावोजींनी रत्नागिरीत, भर शहरातल्या एका बड्या एसी हॉटेलात टेबल लावलं. हॉटेलचं नाव लिहीत नाही. लिहावं असा त्यांचा गुन्हाही नाही. कुणी आम्हाला अडवलं नाही. कुणी जात विचारली नाही. पाणी वरून ओतलं नाही. उलट एका पोरानं दार उघडून धरलं आणि वाकला. तरी मी हे चिडून लिहितोय. कुणावर चिडलोय ते पुढं कळेल. त्यात तुम्हीही आहात, एवढं आधीच सांगतो. मग नंतर बोंबलू नका.

मी मिरकरवाडा बंदरावर हमाल. दहावी पास. बर्फाच्या लाद्या उचलायच्या, मासळीचे क्रेट बोटीतनं काढून टेम्पोत टाकायचे, आणि रात्री पाठ शेकत कविता लिहायच्या. एक जूनला माझं आणि समुद्राचं दोघांचं काम थांबतं. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद, यांत्रिक बोटी किनाऱ्याला. माशांनी अंडी घालावीत म्हणून सरकार माशांना दोन महिने सुट्टी देतं. हमालाला त्या दोन महिन्यांत काय घालायचं ते कुणी सांगत नाही. सांगायचा मुद्दा, आईच्या वाढदिवसाच्या दिवशी मी बेकार होतो आणि बिल ताई देणार होती.

टेबल लावलं होतं जाधव या नावावर. जाधव म्हणजे भावोजी. आमचं आडनाव कांबळे. कांबळे म्हटलं की समोरच्याला पुढं विचारायची गरज उरत नाही. जाधव म्हटलं की तो घुटमळतो. कुठले जाधव? त्या घुटमळण्यात आमची नवी पांढरपेशी पिढी संसार थाटून बसलीय. भाड्याची खोली त्यावर मिळते, ब्लॉक त्यावर मिळतो, शेजारणीच्या हळदीकुंकवाचं बोलावणंही त्यावर येतं. भावोजी वाईट माणूस नाही. बँकेत आहेत, आईला स्वतःच्या आईसारखं बघतात. पण निघायच्या आधी घरात उभं राहून मला म्हणाले, "तिथं जरा जपून बोल हां. भाषण नको." मी हसलो. माणसानं हसावं कशाला अशा वेळी? पण हसलो.

दाराशी आई थबकली. काचेचं दार, आत पिवळा उजेड. ती बाजूच्या बोळाकडं बघायला लागली. मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात उजेड पडला. बारा वर्षं आईनं एका लॉजमध्ये भांडी घासली. हॉटेल म्हटलं की तिचे पाय आपोआप मागच्या दाराला वळतात. तिला पुढचं दार ठाऊकच नाही. भावोजी म्हणाले, "आई, या ओ. हे रत्नागिरी आहे. इथं असलं काही नाही. १९३३ सालीच इथं सगळ्या जातींसाठी हॉटेल निघालं."

झालं. हे एक प्रमाणपत्र आमच्या गावाच्या खिशात कायम असतं. जातीचा विषय काढा, लगेच बाहेर काढतात.

तर तो हिशेब आधी करून टाकू. सावरकरांना सरकारनं १९२४ ते १९३७ या जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं होतं. १९३१ ला भागोजीशेठ कीरांच्या पैशानं पतितपावन मंदिर उघडलं, सगळ्या हिंदूंना. १९३३ ला अखिल हिंदू उपहारगृह निघालं आणि तिथं चहा द्यायला महार माणूस ठेवला. खरं आहे हे. त्या काळात तो चहा पिणं सोपं नव्हतं, हेही मी नाकारत नाही. पण नावं वाचा की जरा! देवळाचं नाव पतितपावन. पतित कोण? आम्ही. आम्ही पडलो कधी होतो? पाडलेलं माणूस आणि पडलेलं माणूस यातला फरक आमच्या बंदरावरच्या अडाणी खलाशालाही कळतो. आणि उपहारगृहाच्या पाटीवर हिंदू. म्हणजे चहा प्यायचा तर आधी कपावर सही करायची, मी तुमचाच. दोन वर्षांनी, १९३५ ला, बाबासाहेबांनी येवल्यात ती सही खोडून टाकली. आणि १९३६ च्या जातिभेद निर्मूलनाच्या त्या न झालेल्या भाषणात सरळ लिहिलं की सहभोजनानं जात मरत नाही, एका पंगतीला बसणाऱ्या जाती आहेतच की, आणि त्या जातीही आहेत. हा माणूस मूळचा कुठला? मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचा. याच जिल्ह्याचा. त्याला इथला चहा माहीत नव्हता काय? त्यानं चहा सोडला आणि जमिनीला हात घातला. १९३७ ला खोती मोडायचं बिल मांडलं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातला कुणबी आणि महार खांद्याला खांदा लावून मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. रत्नागिरीला कपात चहा १९३३ ला मिळाला. खोती कायद्यानं मोडायला १९४९ उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत एकाच कपात चहा पिऊन घरी गेलेला महार खोताच्या खळ्यात भात ओततच होता.

माझा आजोबा ते बघून होता. पन्नासच्या सालातली गोष्ट तो सांगायचा, राज्यघटना लागू झाल्यानंतरची. गावच्या चहावाल्याकडं वळचणीला एक करवंटी खोचलेली असायची. आपली आपण काढायची, पुढं धरायची, चहा वरून पडायचा. पिऊन झालं की धुवायची आणि परत खोचायची. घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव सगळं नाव घेऊन लिहिलंय. १९५५ ला अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदाही आला. करवंटी जागची हलली नव्हती. एक दिवस आजोबानं ती चहासकट चहावाल्याच्या चुलीत टाकली आणि मुंबईची बोट धरली. पुढं आयुष्यभर गोदीत हमाली केली, पण चहा काचेच्या ग्लासातनं प्यायला. कायदा वाचून नव्हे, त्याला वाचता येत नव्हतं.

त्या आजोबाचा मी नातू. बघा आता मी काय केलं.

आम्ही सहा जण बसलो. आई, बाबा, ताई, भावोजी, त्यांची छोटी आणि मी. वेटर पोरगा तिकडचा कुठला तरी, हिंदी बोलणारा, आमच्यापेक्षा जास्त थकलेला. म्हणाला, सुरमई आजची ताजी आहे साब. मी सुरमईकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. आदल्या आठवड्यात बोटी वर ओढल्या, इंजिनं उघडली, जाळी शिवायला बसले सगळे. आज ताजी सुरमई आली कुठनं, मारुती मंदिरच्या नळाला? मी उचललेल्या क्रेटातलीच असणार ती, बर्फात पडून राहिलेली. एका तुकडीला साडेचारशे रुपये. भर हंगामात एका रात्रीच्या हमालीत मला अशी दीड तुकडी परवडते, आणि पाठ माझी जाते. पण मी बोललो नाही. जपून बोल म्हणाले होते ना.

सूप आलं आणि बाबांचा फोन वाजला.

बाबांच्या फोनला भीमगीत आहे. कितीतरी वर्षं तेच आहे. फोन बदलला, गाणं बदललं नाही. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज पूर्ण मोठा. त्या थंड पिवळ्या हॉलमध्ये ढोलकी आणि टाळी अशी काय फुटली, की बाजूच्या टेबलावरच्या बाईनं मान वळवली. नुसती मान वळवली हो. कपाळावर आठीही नव्हती. बाबा खिसे चाचपत होते. गाण्यात बाबासाहेबांचं नाव यायला एक ओळ बाकी होती. मला पाठ आहे ते. आणि त्या एका ओळीच्या आत माझा हात गेला, बाबांच्या हातातनं फोन घेतला आणि दाबला.

फोन मी दाबला. भावोजींनी नाही. मी, जो माईकवर आग ओकतो, ज्याच्या कवितेवर तुम्ही टाळ्या पिटता.

आता मी तुम्हाला सांगू शकतो की मी घाबरलो होतो. कारणही तयार आहे. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत आपला एक पोरगा गेला. नर्सिंग शिकत होता, लग्नाला आला होता. दुकानात बसला असताना फोन वाजला, रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. बंद कर म्हणाले. वाद झाला, त्याला उचलून नेला आणि जिवे मारला. पेपरांतून हेच छापून आलं. आणखी मागं जातो. महाडला १९२७ च्या २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि आपली माणसं मांडवात परतली. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून जमाव लाठ्या घेऊन आला. डोकी फोडली, आणि मांडवातलं अन्न मातीत कालवलं. आमच्या पाण्याइतकंच आमचं जेवण त्यांच्या डोळ्यांत सलत होतं. अन्नापुढं बसलेल्या माणसाच्या पाठीत मार बसतो, हे आमच्या रक्तात आहे, म्हणून हात आपोआप गेला. असं लिहिलं तर तुम्ही हळहळाल. लेखही चांगला होईल.

पण ते खोटं आहे. मला भीती वाटली नव्हती. त्या हॉलमध्ये मारणारं कोण होतं? मला लाज वाटली. ढोलकीची लाज, बापाच्या खिसे चाचपण्याची लाज, आईनं सुपाची वाटी तोंडाला लावली होती त्याची लाज. च्यायला, करवंटी चुलीत घालणाऱ्या म्हाताऱ्याच्या नातवाला भीमगीताची लाज वाटली! शिर्डीच्या पोराला गाणं बंद कर म्हणायला समोर माणसं लागली. मला कुणी सांगायलाही लागलं नाही.

बाबांनी फोन परत घेतला, खिशात ठेवला. काही बोलले नाहीत. सूप पीत राहिले.

मग केकची वेळ झाली. केक आला, मेणबत्ती आली, दोन वेटर टाळ्या वाजवायला येऊन उभे राहिले, आणि आई जागेवर नाही. हात धुवायला जाते म्हणून उठली होती. दहा मिनिटं झाली. ताई गेली, तिथं नव्हती. मी गेलो. स्वयंपाकघराच्या पलीकडं मोरी, मोरीच्या दारात आई पदर खोचून उभी. आत पाटावर एक बाई ताटं घासत होती. तिचं तोंड घामानं आणि वाफेनं भिजलेलं. दोघी बोलत होत्या. मला बघून आई म्हणाली, "अरे, ही आपल्या वाडीतली हाय. माझ्या माहेराजवळची. सकाळपास्नं उभी हाय, अजून जेवली नाय."

१९३३ ला महाराला पुढं आणून उभा केला, चहा द्यायला, लोकांना दाखवायला. आज पुढं कोण? परमुलखातला पोरगा, ज्याची जात इथल्या कुणाला ओळखू येत नाही, म्हणून बरा. आणि मोरीवर कोण? बौद्धवाडीतली बाई. हॉटेल बदललं, फरशी बदलली, थंड हवा आली, मोरीवरचं माणूस काय बदललं नाही. आणि आम्ही पुढच्या दारानं आत जाऊन स्वतःची पाठ थोपटत होतो, आमची उष्टी ताटं आमचीच बाई घासत असताना. सुटाबुटातली प्रगती ती हीच काय? एकानं पुढनं शिरायचं, दुसरीनं मागनं, आणि पुढच्यानं मागचीला ओळख द्यायची नाही.

आईनं ओळख दिली. केक कापला, पहिला तुकडा कागदावर घेतला आणि मोरीकडं निघाली. मॅनेजर आडवा आला, गोड बोलला. "मावशी, स्टाफला आम्ही देऊ, कस्टमरनी आत जायचं नसतं." आई त्याला म्हणाली, "मी बारा वर्सं आतच होतंय रे बाबा." आणि गेली. भावोजी मोबाइलमध्ये बघत बसले. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं ते मी विचारलं नाही. छोटीनं टाळ्या वाजवल्या, तिला वाटलं हेच असतं वाढदिवसाला.

जेवण झाल्यावर आईनं सगळ्यांची ताटं एकात एक रचली, हाडकं एका बाजूला काढली, खरकटं वरच्या ताटात. वेटर धावत आला, राहू द्या, राहू द्या. ती थांबली नाही. भावोजी दात आवळून म्हणाले, "आई, लोक बघतात." तेव्हा मात्र मी बोललो. म्हटलं, बघू द्या भावोजी, तिला ठाऊक आहे मागं कोण आहे ते. एवढंच. फोनची भरपाई त्यानं होत नाही.

बिल सहा हजाराच्या जवळ गेलं. ताईनं दिलं.

रिक्षात बाबा माझ्या शेजारी होते. भाट्याकडचा वारा लागत होता, पाऊस अजून लांब होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ते गाणं काढून टाकायचं कसं, तेवढं दाखव मला. उगाच तुमाला त्रास." मला वाटलं रिक्षातनं उडी टाकावी. बापानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं. दाखवलं नाही मी. फोन येत नाही मला, म्हटलं. परत खोटं.

आता तुमच्याकडं येतो. मुंबई-पुण्याच्या, ठाण्या-कल्याणच्या माझ्या शिकलेल्या दोस्तांनो, हे वाचताना तुम्ही मला शिव्या देत असाल. द्या. पण आधी सांगा, ऑफिसात डब्यात सुकट नेता? की रविवारी, खिडक्या लावून? चौदा एप्रिलला निळा फेटा बांधता, पंधराला आडनाव अर्धं गिळता. लिफ्टमध्ये कुणी "तुमचं मूळ गाव कुठलं" विचारलं की तालुका सांगता, वाडी सांगत नाही. मुलाचा वाढदिवस क्लबात करता आणि वाडीवरच्या चुलत्याला दुसऱ्या दिवशी घरी बोलावता, उरलेला केक द्यायला. त्याचं ताट वेगळंच पडलं की! ते कुणा भटानं पाडलं? सवर्णांनी आम्हाला गावाबाहेर ठेवलं त्यावर तुम्ही आणि मी हजार ओळी लिहू शकतो. स्वतःच्या टेबलाबाहेर आपण कुणाला ठेवलंय त्यावर एक ओळ लिहा, अंकात छापायला लावतो.

हॉटेलात जाऊ नका म्हणत नाही मी. जा. कलम १५ तुमच्या बापानं लिहिलंय, दणकून जा, सुरमई खा, शिळी असेल तर शिळी म्हणा. पण कांबळे या नावानं टेबल लावा. फोन वाजला तर वाजू द्या, कडव्यापर्यंत. आणि मोरीवर कोण आहे, तिची पाळी कधी सुटते, जेवायला कधी मिळतं, महिन्याला हातात काय पडतं, हे विचारून या. आईनं विचारलं होतं. आकडा ऐकून ती गप्प झाली. बारा वर्षांपूर्वी तिला मिळायचा त्यापेक्षा फार वर गेला नव्हता. या बायांची युनियन नाही. गोदीत माझ्या आजोबाला होती. आपल्यातल्या वकिलांनी आणि एम.ए. वाल्यांनी चर्चासत्रं जरा कमी करून रत्नागिरीच्या पाच हॉटेलांच्या मागच्या बोळात पाच संध्याकाळी उभं राहावं. मी येतो बरोबर. दोन महिने रिकामाच आहे.

आणि एक बोलावणं. आई आवणीत झाली, तारीख कुणालाच ठाऊक नाही, म्हणून जुलैतला शेवटचा रविवार आम्ही धरलाय. वाडीत, आमच्या पडवीत. सुकट, भाकरी, भात, आणि मागच्या हंगामात वाळवलेले बोंबील. मोरीवरच्या त्या बाईला आईनं सांगितलंय, तिची सुट्टी बघून दिवस पक्का करू. ताई-भावोजी येणार आहेत. भावोजी चार दिवस फुगले होते, मग त्यांनीच विचारलं, बोंबील कोण भाजणार? बाबांचा फोन चार्ज करून पडवीत मधोमध ठेवायचं काम माझ्याकडं. गाणं अजून तेच आहे. ज्यांना यायचंय त्यांनी त्या दिवशी मुद्दाम फोन करत राहा. ताटं घरात सहाच आहेत. पाळीपाळीनं बसू. ज्याचं जेवून झालं त्यानं उठून घासायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं.